लोकसंख्येच्या तुलनेत महाविद्यालयीन पटसंख्या (अमेरिकेतील राज्ये)

एखाद्या राज्यातल्या महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या पटावर असलेल्या एकूण विद्यार्थ्यांना त्या राज्याच्या एकूण लोकसंख्येने भागले की हे गुणोत्तर मिळते. ते टक्क्यांत सांगतात. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या ३३ कोटी १४ लाख भरली आणि त्या वर्षीच्या शरद सत्रात पटावर सुमारे १ कोटी ९० लाख विद्यार्थी होते, म्हणजे दर शंभर रहिवाशांमागे पावणेसहाच्या आसपास. राज्यागणिक हा आकडा फार बदलतो. अलास्कात तो तीनच्या आसपास घुटमळतो, तर यूटात दहाच्या वर जातो. त्यावरून कोणते राज्य जास्त शिकते याच्या क्रमवारी लावल्या जातात. बऱ्याचदा त्या दिशाभूल करतात, कारण विद्यार्थी मोजला जातो तो संस्थेच्या पत्त्यावर. त्याचे घर कुठे आहे याचा या भागाकाराशी संबंध नाही.

अंशस्थानी येणारी पटसंख्या शिक्षण खात्याच्या अखत्यारीतील नॅशनल सेंटर फॉर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्स ‘आयपेड्स’ या सर्वेक्षणातून गोळा करते. ज्या संस्थांच्या विद्यार्थ्यांना संघीय कर्ज व अनुदान मिळते, त्यांना ही माहिती द्यावीच लागते, त्यामुळे गळती फारशी नसते. मात्र इथे डोकी मोजली जातात. नोकरी सांभाळून एकच विषय घेणारा अर्धवेळ विद्यार्थीही एक आणि वसतिगृहात राहून पूर्णवेळ शिकणाराही एकच. शाळेत असतानाच महाविद्यालयाचा एखादा विषय पूर्ण करणारी मुलेही यात येतात. कॅलिफोर्नियात ११६ सामुदायिक महाविद्यालये (मुख्यत्वे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या सरकारी संस्था) आहेत आणि तिथले बहुतेक विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. अर्धवेळ विद्यार्थ्यांचे पूर्णवेळ विद्यार्थ्यांत रूपांतर करून (म्हणजे अनेक अर्धवेळ मिळून एक पूर्णवेळ धरून) मोजले, तर या राज्याचे प्रमाण लगेच खाली येते.

छेदात अख्खे राज्य असते, पाळण्यातल्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत. यूटाची लोकसंख्या देशात सर्वांत तरुण, तर मेनची सर्वांत वयस्कर. दोन्हीकडची अठरा-वीस वर्षांची मुले सारख्याच उत्साहाने महाविद्यालयात गेली, तरी टक्केवारी वेगळीच येणार. म्हणून युनेस्को किंवा भारताचे शिक्षण मंत्रालय वापरते ते सकल नोंदणी गुणोत्तर छेदात ठरावीक वयोगटच घेते (भारतात १८ ते २३ वर्षे). ते गुणोत्तर आणि इथले प्रमाण शेजारी ठेवून तुलना करू नये. वसतिगृहातल्या मुलांची शिरगणती १९५० च्या जनगणनेपासून महाविद्यालयाच्या गावीच होते, त्यामुळे शिकायला परराज्यात गेलेला विद्यार्थी अंशातही तिथलाच धरला जातो आणि छेदातही.

ऑनलाइन शिक्षणाने मात्र हा मेळ मोडला. समजा, ॲटलांटातली एक परिचारिका रात्रपाळी संपवून घरी येते आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीचा अभ्यास करते. तिने यूटात कधी पाऊल टाकलेले नाही. तिचे घर, तिची नोकरी, तिचा कर सगळे जॉर्जियात. जनगणनेत ती जॉर्जियाच्या छेदात धरली जाते, पटावर मात्र यूटाच्या अंशात, कारण विद्यापीठाचे मुख्यालय सॉल्ट लेक सिटीला आहे. पश्चिमेकडील राज्यांच्या गव्हर्नरांनी १९९७ मध्ये स्थापन केलेल्या या विद्यापीठाच्या पटावर आज लाखाहून अधिक विद्यार्थी आहेत. न्यू हॅम्पशायरमध्येही हेच घडते. २०२० मध्ये राज्याची लोकसंख्या १३ लाख ७८ हजारांच्या घरात होती. मँचेस्टर शहरातल्या सदर्न न्यू हॅम्पशायर युनिव्हर्सिटीचा, मुख्यत्वे ऑनलाइन असलेला पट एक लाखाच्या वर. म्हणजे ही एकटी संस्थाच राज्याच्या प्रमाणात सात टक्क्यांहून अधिक भर घालते.

आयोवातल्या क्लिंटन या मिसिसिपीकाठच्या गावाचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथले एक छोटे कॅथलिक महाविद्यालय २००५ मध्ये ब्रिजपॉइंट एज्युकेशन या कंपनीने विकत घेतले आणि त्याचे नाव ॲशफर्ड युनिव्हर्सिटी ठेवले. काही शे विद्यार्थ्यांचा पट ऑनलाइन वर्गांच्या जोरावर थोड्याच वर्षांत ६० हजारांच्या पुढे गेला. गावाची लोकसंख्या त्याच्या निम्म्याहूनही कमी होती. २०१६ मध्ये तिथले वर्ग बंद झाले. या काळात आयोवाच्या पटसंख्येत जो चढउतार दिसतो, तो वाचताना क्लिंटन आठवावेच लागते.

न्यू जर्सी आणि वेस्ट व्हर्जिनिया ही दोन राज्ये शेजारी ठेवली की या आकड्याची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसते. न्यू जर्सीत पदवीधरांचे प्रमाण देशात वरच्या क्रमांकांत आहे, पण बारावीनंतर तिथली मुले मोठ्या संख्येने पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्सकडे जातात आणि त्यामानाने बाहेरून येणारे थोडे. साहजिकच पटाचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या खाली राहते. वेस्ट व्हर्जिनियात प्रौढांमधील पदवीधरांचे प्रमाण देशात सर्वांत कमी, तरी पटाचे प्रमाण सरासरीच्या वर! कारण चार्ल्स टाउनला ऑनलाइन शिकवणाऱ्या अमेरिकन पब्लिक युनिव्हर्सिटी सिस्टिमचे मुख्यालय आहे आणि जगभरच्या लष्करी तळांवरून तिथे शिकणारे सैनिक त्या राज्याच्या नावावर जमा होतात. कोळसा खाणींच्या या राज्यातल्या मुलांपर्यंत उच्चशिक्षण कितपत पोचते, हा खरा महत्त्वाचा प्रश्न, आणि नेमका तोच या आकड्याआड झाकला जातो.

रहिवाशांचे शिक्षण जाणून घ्यायचे असेल तर अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे पाहावा. तो घरोघरच्या माणसांना ‘आपण सध्या शिकता का’ असे विचारतो, त्यामुळे वर उल्लेखलेली परिचारिका जॉर्जियातच मोजली जाते. आयपेड्सही २०१२ पासून दूरशिक्षण घेणारे विद्यार्थी संस्थेच्याच राज्यात राहतात की बाहेर, याची वेगळी नोंद ठेवते. बाहेर राहणारे वजा करून काढलेले प्रमाण पुष्कळ अधिक विश्वासार्ह ठरते.

काळाबरोबर हे प्रमाण रोजगाराच्या उलट दिशेने हलते. २००७ ते २००९ च्या मंदीत नोकऱ्या गेलेले लोक वर्गांकडे वळले आणि २०१० मध्ये देशाचा पट सुमारे २ कोटी १० लाखांवर पोचला, म्हणजे लोकसंख्येच्या ६.८ टक्के. पुढे रोजगार सुधारला, नफ्यासाठी चालणाऱ्या कोरिंथियन (२०१५) आणि आयटीटी टेक (२०१६) यांसारख्या महाविद्यालयांच्या साखळ्या कोसळल्या, आणि २०२१ पर्यंत प्रमाण ५.६ टक्क्यांवर उतरले. अमेरिकेत २००७ साली ४३ लाखांहून अधिक बाळे जन्मली. त्यानंतर जन्मसंख्या घटत गेली. २००७ ची ती मुले २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली. त्यांच्यामागून येणाऱ्या तुकड्या लहान आहेत आणि ईशान्येकडच्या राज्यांतल्या छोट्या खासगी महाविद्यालयांना त्याची झळ आधीच लागली आहे.