देव पाण्यात ठेवणे

घरावर मोठे संकट आले की देवघरातले टाक आणि मूर्ती पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडवून ठेवायच्या आणि संकट टळेपर्यंत बाहेर काढायच्या नाहीत, असा मराठी कुटुंबांतला एक लोकाचार. ‘देव पाण्यात घालणे’ असेही म्हणतात. होळकरशाहीत माळव्यात येऊन स्थिरावलेल्या इंदूरच्या मराठी घरांत, विशेषतः रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर भागांतल्या वडीलधाऱ्यांना तो परिचित आहे.

कुणाचे अवघड ऑपरेशन, घरातून निघून गेलेला मुलगा, तापात शुद्ध हरपलेले लेकरू अशी कारणे असतात. निर्णय बहुधा घरातली थोरली बाई घेते. त्यासाठी मुहूर्त पाहायचा नसतो की गुरुजी बोलवायचे नसतात. घंगाळ नाहीतर पितळी पातेले घासून त्यात पाणी भरायचे आणि खंडोबा, भवानीचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा एकेक करून त्यात सोडायचे. तसबिरी अर्थातच जागच्या जागी राहतात. मग गंध-फुलांची नेहमीची पूजा थांबते. शेजारी समई तेवत असते आणि तोंडाने रामरक्षा चालू असते.

या आचाराला देवाला दिलेली शिक्षा म्हटले जाते. ते अपुरे आहे. नवसाशी ताडून पाहिले की फरक कळतो. इंदूरच्या खजराना गणपतीला मंदिराच्या मागच्या भिंतीवर उलटे स्वस्तिक काढून मागणे मागतात आणि ते पुरे झाले की येऊन सरळ स्वस्तिक काढतात. तिथे फेड ठरलेली असते. देव पाण्यात ठेवणारी बाई काहीही कबूल करीत नाही. माझे माणूस बुडत असताना तू कोरडा बसू नकोस, एवढेच तिचे म्हणणे असते. परक्यावर असा हक्क कुणी गाजवत नाही. म्हणून हे घडते ते पिढ्यान्‌पिढ्या घरात वावरलेल्या देवांच्या बाबतीत, ज्यांना रोज आंघोळ घातली, जेवू घातले त्यांच्या. (खजरान्याची मूर्तीही एकेकाळी पाण्यातच होती. औरंगजेबाच्या काळात ती विहिरीत लपवली होती आणि अहिल्याबाई होळकरांनी तिच्यासाठी मंदिर बांधले, अशी परंपरा सांगतात. तिथे माणसांनी देवाला जपले.)

शास्त्रात नव्या मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेपूर्वी ‘जलाधिवास’ सांगितला आहे, पण तो शुद्धीचा विधी असून त्याचा संकटाशी संबंध नाही.

हाच आचार गावाच्या पातळीवर पाहायचा तर पंढरीनाथ भागातल्या इंद्रेश्वर महादेवाकडे जावे. इंदूर हे नाव याच देवावरून पडले अशी मान्यता आहे. पावसाने ओढ दिली की येथे गाभाऱ्यात पाणी भरून पिंड बुडवतात. महाराष्ट्रातल्या खेड्यांतही महादेव असाच पाण्यात कोंडतात, त्यामुळे मराठी माणसाला यात नवल वाटत नाही.

बोलीत हा शब्दप्रयोग आचारापेक्षा दूर पोचला. निवडणुकीच्या तिकिटासाठी कुणी ‘देव पाण्यात घालून बसला’ असे वर्तमानपत्रे सर्रास लिहितात. त्यात आतुरता उरली आहे, काळजाचे पाणी होणे मात्र निघून गेले आहे.

संकट टळले की देव बाहेर काढून पंचामृताने न्हाऊ घालतात, मऊ फडक्याने पुसून जागेवर बसवतात आणि पुरणाचा नैवेद्य दाखवतात. खंडोबा कुलदैवत असलेल्या घरी ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत तळी भरली जाते. माणूस हाती लागला नाही, तर घराला सुतक येते आणि देवांना शिवता येत नाही. अशा वेळी शेजाऱ्यांपैकी कुणी येऊन भांड्यातले देव काढतो, पुसतो आणि देव्हाऱ्यात ठेवून दिवा लावतो. इंदुरात तो शेजारी मराठी असेलच असे नाही; कोणता टाक कुठे ठेवायचा, हे त्याला दारातून सांगावे लागते.