विंडोजमधले लिनक्स आणि ‘सबसिस्टिम’ या शब्दाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या किंवा एमसीएच्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप बहुधा त्याच्या एकट्याचा नसतो. घरच्या दुकानाचे टॅलीतले हिशेब त्याच यंत्रावर असतात, उद्यमनगरातून आलेली ड्रॉइंग त्यावरच उघडायची असतात आणि एखाद्या घरी लग्नपत्रिका जुळवण्यासाठी श्रीलिपीही त्यावरच असते. असे यंत्र पुसून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवणे परवडत नाही. दुसरीकडे फोर्क, पाइप आणि सेमाफोर या लिनक्सवर शिकायच्या प्रोग्रॅमिंगच्या सोयींशिवाय प्रात्यक्षिकांची वही पुरी होत नाही. विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची गरज येथे हौसेपोटी नव्हे, तर या अडचणीतून निर्माण झाली.

त्यासाठीचे जुने मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. १९९५ पासूनचे सिग्विन हे लिनक्स नव्हते, तर लिनक्सवरचे प्रोग्रॅम विंडोजसाठी नव्याने कंपाइल करण्याची सोय होती. २००८ मध्ये उबंटू या लिनक्सच्या प्रकाराच्या सीडीवर आलेल्या वुबी या इन्स्टॉलरने पार्टिशन करण्याची, म्हणजे डिस्कचे वेगळे भाग पाडण्याची, भीती घालवली, मात्र यंत्र रीस्टार्ट केल्याशिवाय तेथे जाता येत नसे. व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या यंत्राला, दोन जीबी मेमरी दिली, की चार जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज रांगू लागे.

मार्च २०१६ मध्ये विंडोजच्या निर्मात्या कंपनीने ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’ म्हणजे डब्ल्यूएसएल जाहीर केले आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या अपडेटबरोबर ते लोकांच्या हाती आले. या नावाने आजवर जेवढा गोंधळ घातला आहे, तेवढा त्यातल्या तांत्रिक दोषांनीही घातला नसेल. इंग्रजी नाव वाचणाऱ्याला वाटते, की लिनक्समध्ये विंडोज चालवण्याची ही सोय असावी. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कने नावाची सुरुवात करता येत नाही, असा खुलासा कंपनीच्या माणसांकडून पुढे आला. मराठीत ‘विंडोजमधले लिनक्स’ म्हटले, की एका प्रत्ययात हा प्रश्न मिटतो.

खरा गुंता मात्र ‘सबसिस्टिम’ या शब्दात आहे. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीच्या रचनेत मूळ गाभा (कर्नल) एकच होता आणि त्यावर विन३२ (विंडोजचे स्वतःचे प्रोग्रॅम), ओएस/२ (दुसरी एक ऑपरेटिंग सिस्टिम) आणि पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमांचे प्रमाण) अशा वेगवेगळ्या प्रकारचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सबसिस्टिम बसवल्या होत्या. त्यातली पॉझिक्सची सबसिस्टिम अमेरिकी सरकारी खरेदीची अट पुरी करण्यापुरतीच होती; नेटवर्कचे साधे कामही तिच्यातून होत नसे. २०१६ चे डब्ल्यूएसएल अंतर्गत रचनेत वेगळे असले, तरी वृत्तीने त्याच घराण्यातले होते. विंडोजच्या फोनवर अँड्रॉइडचे ॲप चालवण्याचा जो बेत पुढे सोडून देण्यात आला, त्याच कामातून ते उभे राहिले. त्यात लिनक्सचे कर्नल नव्हतेच. लिनक्सचा प्रोग्रॅम जे सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे कामाच्या मागण्या, करी, त्यांना विंडोजचा गाभाच एका दुभाष्यामार्फत उत्तर देई. त्यामुळे वेगळी मेमरी राखून ठेवावी लागत नसे, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीची प्रोसेसरची सोय, चालू नसले तरी अडत नसे आणि जुन्या, साध्या लॅपटॉपवरही बॅश हा लिनक्सच्या कमांड देण्याचा प्रोग्रॅम क्षणात उघडे.

मे २०१९ मध्ये कंपनीने दिशा बदलली. डब्ल्यूएसएल २ मध्ये दुभाषा गेला आणि विंडोजच्या हायपर-व्ही या व्हर्च्युअलायझेशनच्या व्यवस्थेच्या आधारे चालणाऱ्या छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये खरे लिनक्स कर्नल आले. कारणे खोटी नव्हती. सगळ्या सिस्टिम कॉलचे भाषांतर कधीच पुरे होत नव्हते, प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या डॉकरचे इंजिन त्यावर चालत नव्हते आणि फाइलींची कामे रेंगाळत होती. टारबॉल (एकत्र बांधलेल्या फाइलींचा गठ्ठा) उलगडणे वीसपटीपर्यंत, तर गिट क्लोनसारखी (कोडची पूर्ण प्रत उतरवून घेण्याची) कामे दोन ते पाचपट वेगवान झाली, असे कंपनीचे आकडे होते. हे आकडे मात्र लिनक्सच्या स्वतःच्या डिस्कवरचे होते. सी ड्राइव्हवर ठेवलेल्या फाइलींसाठी जुनी आवृत्तीच वेगवान राहिली आणि विद्यार्थ्याची असाइनमेंट नेमकी तेथेच, डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये असते. सुरुवातीच्या काही आवृत्त्यांत नवी व्यवस्था यंत्राच्या ८० टक्के मेमरीपर्यंत जाऊ शकत असे. पुढे ही मर्यादा निम्म्यावर आली. आठ जीबीच्या यंत्रावर टॅली, ब्राउझर आणि ही व्यवस्था एकत्र चालवणाऱ्याला ‘निम्मे’ म्हणजे किती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

एनटीच्या अर्थाने ज्याला सबसिस्टिम म्हणता येईल असे डब्ल्यूएसएल २ मध्ये काही उरले नव्हते, तरीही नाव तेच ठेवले गेले. परिणामी राजारामपुरीतल्या क्लासमध्ये एक जण ‘डब्ल्यूएसएलला व्हर्च्युअलायझेशन लागत नाही’ असे सांगतो, दुसरा ‘लागते’ म्हणतो आणि दोघेही आपापल्या आवृत्तीपुरते बरोबर असतात.

पुढचे बदल नव्या आवृत्तीच्याच वाट्याला आले. २०२१ मध्ये विंडोज ११ बरोबर लिनक्सच्या ग्राफिकल खिडक्या आल्या, २०२२ मध्ये लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणारे सिस्टिमडी आले. मे २०२५ मध्ये डब्ल्यूएसएलचा सोर्स कोड खुला झाला आणि प्रकल्पाच्या नोंदवहीतली पहिलीच नोंद, ‘हे ओपन सोर्स होणार का?’, नऊ वर्षांनी निकाली निघाली. त्यातून जे वगळले गेले, त्यात पहिल्या आवृत्तीचा तो दुभाषा, एलएक्सकोर नावाचा ड्रायव्हर, आहे. तो अजूनही विंडोजबरोबर येतो आणि त्याचा कोड अजूनही बंदच आहे.