कायद्याचे राज्य

शासनाच्या प्रत्येक कृतीला कायद्याचा आधार हवा आणि तिच्याबद्दल न्यायालयात जाब विचारता आला पाहिजे, असे सांगणारे सांविधानिक तत्त्व. ए. व्ही. डायसी या इंग्रज विधिज्ञाने १८८५ मध्ये त्याची प्रसिद्ध मांडणी केली. भारताच्या संविधानात त्यासाठी वेगळे कलम नाही. अनुच्छेद १३, १४, २१ व ३२ यांतून ते आकाराला येते. समतेचा अनुच्छेद १४ हा त्याचा मुख्य आधार. राष्ट्रपती व राज्यपालांना अनुच्छेद ३६१ ने दिलेले संरक्षण हा अपवाद.

या तत्त्वाची खरी कसोटी आणीबाणीत लागली. जून १९७५ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ साठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. तरीही ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली खटल्याविना डांबलेल्या स्थानबद्धांच्या हेबिअस कॉर्पस (कोठडीची वैधता न्यायालयाने तपासावी यासाठीच्या) याचिका नऊ उच्च न्यायालयांनी ऐकण्याजोग्या मानल्या. सर्वोच्च न्यायालयात न्या. ह. रा. खन्ना यांनी सरकारी वकिलांना विचारले, की पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर काय? आणीबाणी असेपर्यंत उपाय नाही, असे उत्तर महान्यायवादी नीरेन डे यांनी दिले. एवढे ऐकूनही २८ एप्रिल १९७६ रोजी एडीएम जबलपूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच खटल्यात, अशा याचिका ऐकता येत नाहीत ही सरकारची बाजू चार विरुद्ध एक मतांनी उचलून धरली गेली. जीविताचा हक्क अनुच्छेद २१ मुळे निर्माण झालेला नाही, तो अनुच्छेद नसता तरी कायद्याच्या आधाराविना कुणाचे स्वातंत्र्य हिरावता आले नसते, असे खन्नांचे एकट्याचे म्हणणे. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. बहुमतातले पुण्याचे न्या. यशवंत वि. चंद्रचूड आणि न्या. भगवती हेही पुढे त्या पदावर बसले.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित न होण्याची तजवीज केली. जबलपूरचा निकाल मात्र २०१७ पर्यंत रीतसर रद्दबातल ठरला नव्हता. तो खासगीपणाच्या हक्कावरील पुट्टस्वामी खटल्यात ठरला. तसे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचेच पुत्र.

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्या. भूषण गवई व न्या. विश्वनाथन यांच्या पीठाने ‘बुलडोझर कारवाई’ला याच तत्त्वाचा चाप लावला. केवळ आरोपी आहे म्हणून कुणाचे घर पाडता येणार नाही, पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल, आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागेल. रस्ते, पदपथ, रेल्वेमार्ग किंवा जलाशयांवरील अतिक्रमणांना हे निर्देश लागू नाहीत.