'मेड इन हेवन'मधली सगळी गाणी फ्रेडीच्या अखेरच्या दिवसांतली नाहीत

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या शेवटच्या अल्बमांवरून चाहत्यांची जुंपली की एक वाक्य हमखास येतं: 'मेड इन हेवन'मधलं सगळं बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीनं आजारपणात, अखेरच्या दिवसांत गायलं.

तसं नाही. फ्रेडी नोव्हेंबर १९९१मध्ये गेला, अल्बम आला १९९५मध्ये. त्याचं शीर्षकगीत आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' ही दोन्ही गाणी फ्रेडीच्या १९८५च्या एकल अल्बममधली. त्याचा आवाज तोच ठेवून बँडमधल्या बाकी तिघांनी साथ नव्यानं वाजवली. 'इट्स अ ब्युटिफुल डे'चं मूळ तर १९८०चं.

अखेरच्या दिवसांतलं खरं गाणं म्हणजे 'मदर लव्ह'. पाचगणीच्या शाळेत पियानो शिकलेला हा माणूस १९९१मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रोत, उभं राहणंही जड जात असताना, ते गायला. शेवटचं कडवं बाकी होतं. ते गायला तो परत येऊ शकला नाही, म्हणून ते बँडचा गिटारवादक ब्रायन मेनं गायलंय. हेडफोन लावून ऐका, आवाज बदलतो ती जागा स्पष्ट कळते. माझ्या अंगावर तिथे दर वेळी काटा येतो.

अल्बम तुकड्यातुकड्यांचा वाटतो, ही तक्रार मात्र मला रास्त वाटते. अकरा वर्षांतले आवाज त्यात शेजारी शेजारी बसवले आहेत.