आधुनिक वाहतूक बेट

चौकाच्या मधोमध गोल बेट बांधून सर्व वाहनांना त्याभोवती एकाच दिशेने वळवणारी रस्तारचना. आत शिरणाऱ्याने वेग कमी करायचा, गरज पडली तर थांबायचे आणि आधीच फिरत असलेल्याला पुढे जाऊ द्यायचे, हा तिचा मुख्य नियम. भारतात वाहने डावीकडून चालतात, म्हणून बेटाभोवतीची फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होते. मराठवाड्यात तिला सर्रास ‘सर्कल’ म्हणतात. प्रदेशातल्या जवळजवळ प्रत्येक शहरात असे गोल चौक आहेत. तरीही त्यांतले बहुतेक आधुनिक अर्थाने वाहतूक बेटे ठरत नाहीत. मध्ये कठडा, पुतळा किंवा कारंजे असते. पण प्रवेशाशी वाट देण्याची रेषा नसते आणि वाहनाचा वेग उतरवणारे वळणही नसते. या रचनेचे फायदे प्रामुख्याने या दोन गोष्टींतूनच येतात.

लातूरची गंजगोलाई हे मराठवाड्यातले सर्वांत प्रसिद्ध वर्तुळ. निजामी राजवटीत, 1917 मध्ये उभी राहिलेली ही दुमजली गोलाकार इमारत नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार बांधली गेली. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आहे आणि भोवती सोळा रस्ते येऊन मिळतात. तिचा हेतू मात्र बाजारपेठेचा होता. सराफा, मिरची, गूळ, चपला अशा मालाच्या पेठा एका मध्याशी जोडण्यासाठी ती आखली गेली. लातूरकर तिच्याभोवती रोज फिरतात म्हणून तिला वाहतूक बेट म्हणणे योग्य नाही.

वाहनांसाठी आखलेली वर्तुळे याच सुमारास पाश्चात्त्य देशांत आली. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलवर 1905 मध्ये आणि पॅरिसच्या विजयकमानीभोवती 1907 मध्ये एकेरी फेरी सुरू झाली. पण पुढे वाहने वाढली आणि ही वर्तुळे तुंबू लागली. आत शिरणाऱ्याला प्राधान्य दिले की वर्तुळ भरत जाते, बाहेर पडणाऱ्याची वाट अडते आणि सगळेच जागच्या जागी अडकतात. ब्रिटनमधील संशोधक फ्रँक ब्लॅकमोर यांनी या कोंडीवर काम केले. 1966 मध्ये तिथे ‘आतल्याला आधी जाऊ द्या’ हा नियम लागू झाला, आणि आधुनिक वाहतूक बेटाचा आरंभ तिथूनच मानला जातो. भारतीय चालकाला हे अनोळखी असायचे कारण नाही. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी, असा आपल्याकडे जुनाच नियम आहे, आणि बेटाभोवती फिरणारे वाहन शिरणाऱ्याच्या उजवीकडूनच येते. 2017 च्या मोटार वाहन चालन नियमांत तर बेटातल्या वाहनाचा हक्क थेट नोंदवलेला आहे.

सर्वांत मोठा लाभ सुरक्षेचा. चार रस्त्यांच्या साध्या चौकात दोन वाहनांचे मार्ग एकमेकांना भिडू शकतील अशा 32 जागा असतात. एकपदरी वाहतूक बेटात त्या 8 उरतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जीवघेणे प्रकार जवळजवळ संपतात. समोरासमोरची धडक आणि आडव्या वाहनाच्या कुशीत घुसणे, दोन्हीला वाव उरत नाही. राहते ते बाजूने घासणे किंवा मागून टेकणे. बेटाशी येताना रस्ताच वळवलेला असल्याने वेग साधारण ताशी 25 ते 40 किलोमीटरवर येतो. ताशी 50 किलोमीटर वेगाच्या वाहनात 30 च्या तुलनेत सुमारे पावणेतीन पट गतिज ऊर्जा असते, हे पाहिले की पादचाऱ्याच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे ते कळते. अमेरिकेतील 24 चौकांचे बेटांत रूपांतर केल्यानंतर झालेल्या अभ्यासात जखमी करणारे अपघात सुमारे तीन चतुर्थांशाने घटल्याचे आढळले.

दुसरा लाभ मराठवाड्याला विशेष जवळचा आहे: बेटाला वीज लागत नाही. वीज गेली किंवा यंत्र बिघडले की सिग्नलचा चौक वाऱ्यावर पडतो. बेटाचा नियम मात्र रात्री-अपरात्रीही तसाच राहतो. शिवाय गर्दी नसताना समोर मोकळा रस्ता असूनही लाल दिव्यापुढे इंजिन चालू ठेवून उभे राहावे लागत नाही.

तिसरा लाभ सहसा कोणी मांडत नाही. सोलापूर–धुळे महामार्गासारख्या दुभाजकाच्या रस्त्यावर वळायची जागा लांब असली की दुचाकीवाले सरळ उलट्या बाजूने येतात, नाहीतर गावकरी दुभाजक फोडतात. गावाच्या तोंडाशी वेग कमी केलेले बेट असेल तर तेच परत फिरायची अधिकृत जागा होते. दंडाच्या पावत्यांपेक्षा हा उपाय जास्त टिकाऊ वाटतो.

मर्यादाही आहेत. एकपदरी बेट दिवसाला साधारण 20 ते 25 हजार वाहने पेलते. त्यापलीकडे, किंवा एकाच रस्त्याने सतत लोंढा येत असेल तर, बाकीच्या रस्त्यांना शिरायला फट मिळत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडसारख्या रस्त्यावर ऐन गर्दीत नुसत्या बेटाने भागणार नाही. पादचाऱ्यांसाठी पट्टे प्रवेशापासून एक गाडी मागे, मध्ये थांबायला दुभाजक ठेवून आखावे लागतात. दृष्टिहीनांना वाहनांच्या अखंड आवाजातून अंदाज घेणे अवघड जाते.

मधल्या पुतळ्याचा प्रश्न नाजूक आहे. मध्यभागी उंच काही असणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नाही; पलीकडचा रस्ता दिसला नाही की चालक आपोआप हळू होतो. अडचण होते ती माणसे बेटावर जायला लागल्यावर. 19 फेब्रुवारी आणि 14 एप्रिलला हार घालायला गर्दी लोटते. अशा दिवशी वाहतूक वळवावीच लागते, आणि तेच बरे. वाढदिवसाच्या फ्लेक्सचा उपद्रव मात्र बारमाही आहे. प्रवेशाच्या उजव्या हाताला एक फलक लागला की येणारे वाहन दिसत नाही आणि वाट कोणाला द्यायची तेच कळत नाही.

गाळप हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर लहान बेटाभोवती वळताना त्याची मागची चाके आतल्या बाजूला सरकतात. त्यासाठी बेटाच्या कडेने किंचित उंच, खडबडीत फरसबंदीचा पट्टा ठेवतात. मोटारीला तो टाळावासा वाटतो, पण जड वाहनाची चाके त्यावरून जाऊ शकतात. कारखान्यांच्या वाटेवरच्या चौकात हा पट्टा न ठेवता उंच कठड्याचे बेट बांधले, तर पहिल्याच हंगामात कठडा फुटतो.