इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून कीटक-निरीक्षण : वर्गातील प्रयोग

विद्यार्थ्यांनी स्वतः गोळा केलेले कीटक क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे प्रयोगशाळांत ‘सेम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणाखाली, वर्गातच तपासण्याची ही अध्यापनपद्धती आहे. उपकरण वर्गातल्या टेबलावर असू शकते, किंवा दूरच्या विद्यापीठात असून इंटरनेटद्वारे वर्गातून चालवले जाते. कीटकच निवडले जातात याला सबळ कारण आहे. ते फुकट आणि सर्वत्र मिळतात. त्यांचे कायटिनयुक्त बाह्यकवच वाळल्यावरही बहुतांशी आकार टिकवते. शिवाय काही मिलिमीटरच्या त्या देहावर मिलिमीटरपासून थेट नॅनोमीटरपर्यंतच्या (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) रचना एकीच्या पोटात दुसरी अशा सापडतात. वनस्पतीचे कोवळे पान किंवा बेडकाची त्वचा उपकरणाच्या आतल्या निर्वातात सुरकुतून जाते. मुंगी मात्र जवळजवळ जशीच्या तशी राहते.

प्रकाश कुठे थांबतो

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. जर्मन भौतिकीविज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले, की भिंग कितीही उत्तम घासले तरी तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू प्रकाशाने वेगळे दिसू शकत नाहीत. व्यवहारात ही मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर येते. इलेक्ट्रॉनही तरंगासारखे वागतात हा विचार लुई द ब्रॉग्ली यांनी १९२४ मध्ये मांडला. १०,००० व्होल्टने प्रवेगित केलेल्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी जेमतेम ०.०१२ नॅनोमीटर भरते. चुंबकीय भिंगांतील दोष आणि नमुन्याच्या आत शिरून विखुरणारे इलेक्ट्रॉन यांमुळे प्रत्यक्षात इतका बारकावा मिळत नाही. तरीही मोठ्या उपकरणांचे विभेदन, म्हणजे जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची क्षमता, काही नॅनोमीटरपर्यंत आणि टेबलावरच्या उपकरणांचे दहा-वीस नॅनोमीटरच्या घरात असते.

कीटकांसाठी मात्र विभेदनापेक्षा दुसरा गुण अधिक मोलाचा ठरतो : क्षेत्रखोली. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली माशीचे डोके १०० पट मोठे करून पाहिले, तर एका वेळी त्याचा पातळसा थरच स्पष्ट दिसतो. सोंड नीट दिसते तेव्हा डोळे धूसर असतात. इलेक्ट्रॉनांचा झोत अतिशय निमुळता असल्याने तेच डोके शृंगिकांच्या टोकांपासून मानेपर्यंत एकदम स्पष्ट उमटते. या चित्रांचा प्रभाव पडतो तो मुख्यतः यामुळे. अनेक पाठ्यपुस्तके सगळे श्रेय ‘लाखो पट वर्धना’ला देतात; पण वर्गात ५,००० पटींच्या पुढे जाण्याची वेळ क्वचितच येते.

उपकरणाची घडण

रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये पिसू, ऊ आणि माशीचे डोळे यांची भव्य रेखाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हापासून कीटक हा सूक्ष्मदर्शकाचा आवडता विषय आहे. पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी १९३१ मध्ये बर्लिनमध्ये बांधला. त्या कामासाठी रुस्का यांना नोबेल पुरस्कार मिळायला १९८६ उजाडले. त्या उपकरणात इलेक्ट्रॉन नमुन्याच्या आरपार जात, त्यामुळे अखंड कीटक पाहणे शक्यच नव्हते. पृष्ठभागावर झोत फिरवून चित्र मिळवण्याची कल्पना मानफ्रेड फोन आर्देन यांनी १९३७ मध्ये पुढे नेली. केंब्रिजमध्ये चार्ल्स ओटली यांच्या गटाने तिला व्यवहार्य रूप दिले आणि १९६५ मध्ये ‘स्टिरिओस्कॅन’ हे उपकरण बाजारात आले. शाळेच्या टेबलावर मावणारी उपकरणे त्यानंतर चाळीसएक वर्षांनी मिळू लागली.

उपकरणाच्या माथ्यावर बहुधा टंगस्टनची तापलेली तार असते. तिच्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन विद्युत दाबाने खाली खेचले जातात. वर्गात ५ ते १५ किलोव्होल्ट पुरतात. चुंबकीय भिंगे त्यांचा झोत बारीक करतात. मग अंधाऱ्या भिंतीवर टॉर्चचा झोत ओळीओळीने फिरवावा, तसा हा झोत नमुन्यावरून फिरतो. प्रत्येक ठिकाणी नमुन्यातून मंद गतीचे द्वितीयक इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, तर झोतातलेच काही इलेक्ट्रॉन आपटून मागे फिरतात. शोधक ते गोळा करतो आणि जिथे ते जास्त मिळाले तो बिंदू पडद्यावर उजळ दाखवला जातो. वर्धन वाढवताना भिंग बदलावे लागत नाही. झोत अधिकाधिक लहान चौकोनावर फिरवला की पडद्यावर तोच चौकोन मोठा दिसतो. विद्यार्थ्यांना हे एकदा उमगले की ‘किती पट?’ हा प्रश्न मागे पडतो आणि चित्राच्या कोपऱ्यातील मापपट्टीकडे लक्ष जाते. ते योग्यच आहे, कारण तेच चित्र मोठ्या पडद्यावर टाकताच पटींचा आकडा खोटा ठरतो. मापपट्टी चित्राबरोबर वाढते.

झोताच्या वाटेत हवेचे रेणू येऊ नयेत म्हणून आत निर्वात लागतो. उच्च विद्युत दाब आणि आत निर्माण होणारे क्ष-किरण यांपासून धातूचे आवरण संरक्षण देते, आणि दार उघडे असताना झोत सुरू होणार नाही अशी कुलूपव्यवस्था असते.

नमुना तयार करणे

खिडकीच्या कठड्यावर किंवा दिव्याच्या टोपणात मरून पडलेला कीटक चालतो, पण त्यावर धूळ फार असते. ताजा कीटक फ्रीझरमध्ये ठेवून मारणे आणि मग काही दिवस कोरड्या हवेत वाळवणे ही सोपी रीत. भुंगेरे, मुंग्या, माश्या यांना एवढे पुरते. मावा, अळ्या आणि इतर मऊ अंगाचे कीटक असे वाळवले की मनुक्यासारखे आक्रसतात. त्यांच्यासाठी वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाणी काढून मग विशेष पद्धतीने वाळवावे लागते. ते काम प्रशिक्षित माणसाकडे सोपवावे, कारण त्यातली काही रसायने विषारी आहेत.

वाळलेला कीटक ॲल्युमिनियमच्या छोट्या चकतीवर कार्बनच्या दुहेरी चिकटपट्टीने बसवतात. एकदा दार बंद झाले की कीटक उलटा करता येत नाही. म्हणून जाणता शिक्षक एकाच चकतीवर एक कीटक पाठीवर, एक पोटावर, बाजूला सुटा पाय आणि सुटा पंख असे चिकटवतो. स्पर्श चिमट्याने आणि शक्य तितक्या कमी वेळा करायचा. बोटाचा घाम सुकून राहिलेले मिठाचे स्फटिक पुढे ‘कीटकाचा अवयव’ म्हणून वहीत उतरतात.

कायटिन विजेचे वाहक नाही. झोताने आणलेले इलेक्ट्रॉन त्यावर साठत जातात आणि चित्रात पांढरे पट्टे, चमकणारे केस, सरकणारी प्रतिमा असे प्रकार दिसू लागतात. उपाय दोन. एक म्हणजे नमुन्यावर ५ ते २० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा किंवा सोने-पॅलेडियमचा लेप देणे. दुसरा म्हणजे कक्षात थोडा वायू राहू देणे. त्या वायूचे आयन साठलेला प्रभार नाहीसा करतात. शाळेसाठी दुसरा उपाय सोयीचा, कारण सकाळी सापडलेला कीटक दुपारी पाहता येतो.

काय दिसते

सुरुवात बहुतेक वेळा घरमाशीच्या डोळ्यापासून होते. प्रत्येक संयुक्त नेत्रात तीन ते चार हजार नेत्रिका, म्हणजे चिमुकले डोळे, असतात आणि प्रत्येकीचा षट्कोनी पृष्ठभाग सुमारे २० ते ३० मायक्रोमीटर रुंद असतो. मापपट्टी वापरून ठरावीक चौकोनातल्या नेत्रिका मोजायच्या आणि त्यावरून पूर्ण डोळ्याचा अंदाज काढायचा, हा गणिताचा उत्तम पाठ आहे. डोळा सपाट नसल्याने उत्तर कमी का येते, ही चर्चा त्याहून उत्तम. मधमाशीच्या नेत्रिकांमध्ये तर केस उगवलेले दिसतात, आणि पाहणारा वर्ग हमखास गोंधळतो.

माशीच्या सोंडेच्या टोकाला गाद्यांसारखे दोन भाग असतात व त्यांवर समांतर खाचा असतात. घरमाशी चावू शकत नाही, द्रव टिपून घेते, हे वाक्य इथे डोळ्यांना पटते. शेजारी डासाची मादी ठेवावी. तिच्या सोंडेचे म्यान बाजूला सरलेले असेल तर आतल्या सहा सुयांपैकी दोघींच्या टोकाला करवतीसारखे दात दिसतात. नराच्या झुपकेदार शृंगिका पाहिल्यावर नर-मादी ओळखायला पुस्तक लागत नाही. पायांच्या टोकाशी दोन नखे आणि त्यांमध्ये केसाळ गाद्या असतात. माशी छतावर कशी चालते याचे उत्तर या केसांच्या चिकट टोकांत आहे.

मधमाशीचे केस साध्या भिंगाखाली सरळ वाटतात. इथे ते पिसासारखे फांद्या फुटलेले दिसतात, आणि फांद्यांमध्ये अडकलेल्या परागकणांवरचे काटे व जाळीही स्पष्ट होते. मागच्या पंखाच्या कडेवर वीसच्या आसपास आकड्यांची ओळ असते; उडताना ते पुढच्या पंखाच्या घडीत अडकतात आणि चार पंख दोन होतात. मुंगीच्या पुढच्या पायावर शृंगिका विंचरायची फणी असते. श्वसनरंध्रांच्या तोंडाशी धूळ गाळणारे केस असतात. माशीच्या मागच्या पंखांच्या जागी असलेले संतोलक हे गोळीसारखे अवयव मात्र शोधूनच काढावे लागतात.

फुलपाखराचा पंख हा या प्रयोगाचा कळस म्हणावा लागेल. प्रत्येक खवला सुमारे १०० मायक्रोमीटर लांब, त्यावर एक-दोन मायक्रोमीटर अंतराने लांबच लांब कंगोरे, आणि कंगोऱ्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. चित्रात रंग अजिबात नसतो. तरीही मॉर्फो फुलपाखराच्या झळाळत्या निळ्याचे मूळ इथेच दिसते : त्याच्या कंगोऱ्यांच्या बाजूंना थरावर थर असतात आणि त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींपैकी निळ्या तेवढ्या एकमेकींना बळ देतात. रंगद्रव्याशिवाय रंग कसा, हे समजावायला रंगहीन चित्र उपयोगी पडावे, यात एक मजा आहे.

तुडतुड्यांच्या अंगावर काहीशे नॅनोमीटर व्यासाच्या, जाळीदार फुटबॉलसारख्या असंख्य गोळ्या आढळतात. त्यांना ब्रोकोसोम म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्यांना ते बुरशीचे बीजाणू वाटतात. प्रत्यक्षात कीटक ते स्वतःच्या शरीरात तयार करून अंगाला फासतो, आणि त्यांच्यामुळे पाणी व चिकट स्राव अंगाला धरत नाही. पतंगांच्या नेत्रिकांवरील सुमारे २०० नॅनोमीटर अंतरावरचे सूक्ष्म उंचवटे १९६० च्या दशकात स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल गुस्ताफ बर्नहार्ड यांनी अभ्यासले. त्यांच्यामुळे डोळ्यावरून प्रकाश परावर्तित होत नाही. टेबलावरच्या उपकरणाने ते दिसतात, पण कस लागतो. २०१३ मध्ये माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी इसस या उडी मारणाऱ्या कीटकाच्या पिल्लांच्या मागच्या पायांत १० ते १२ दात्यांची, एकमेकांत गुंतणारी चाके दाखवली. प्रौढ झाल्यावर, शेवटच्या कातेनंतर, ती नाहीशी होतात.

चित्र वाचणे

हे चित्र छायाचित्र नव्हे, आणि वर्गात सर्वाधिक वेळ इथे द्यावा. कडा आणि टोके उजळ दिसतात, कारण तिथून द्वितीयक इलेक्ट्रॉन सहज निसटतात; तो भाग फिकट रंगाचा असतो असे नाही. सावल्या शोधकाच्या जागेवरून ठरतात. प्रसिद्ध चित्रांतले हिरवे-जांभळे रंग नंतर संगणकावर भरलेले असतात. आत दबलेल्या नेत्रिका हा वाळण्याचा परिणाम असतो, कीटकाचा आजार नव्हे. पायांभोवतीचे धागे बहुधा मृत्यूनंतर वाढलेली बुरशी. एकच भाग दोन कीटकांवर पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही, हा नियम सुरुवातीला जाचक वाटला तरी निम्म्या चुका तोच वाचवतो.

दूरस्थ निरीक्षण

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या बेकमन संस्थेने १९९९ मध्ये ‘बगस्कोप’ हा उपक्रम सुरू केला. शाळांनी कीटक टपालाने पाठवायचे, संस्थेतील तंत्रज्ञ ते उपकरणात बसवणार, आणि ठरल्या वेळी विद्यार्थी आपल्या संगणकावरून झोत हलवणार, वर्धन बदलणार, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारणार, अशी ही योजना होती; शाळेकडून शुल्क घेतले जात नसे. या पद्धतीत चकती तयार करण्याचा हातचा अनुभव हुकतो. पण ‘हे काय आहे?’ या प्रश्नाला जाणकाराचे उत्तर त्याच क्षणी मिळते, आणि बहुतेक शिक्षकांकडे ते नसते.

मर्यादा

एका वेळी एकच जण उपकरण चालवू शकतो, त्यामुळे मोठ्या वर्गात बाकीचे प्रेक्षक होतात. आळीपाळीने चालक, नोंदणी करणारा आणि आधी अंदाज सांगणारा अशी कामे वाटली तर हे बरेच टळते. पृष्ठभागाखालचे अवयव दिसत नाहीत. हालचाल, रंग आणि वर्तन यांसाठी जिवंत कीटक आणि साधे भिंगच हवे, आणि ते निरीक्षण आधी झालेले बरे.

निर्वातात बहुतेक कीटक तग धरत नाहीत. मात्र २०१३ मध्ये ताकाहिको हारियामा यांच्या जपानी गटाने दाखवले, की काही कीटकांच्या अळ्यांच्या अंगावरील नैसर्गिक स्राव इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने ५० ते १०० नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यात बदलतो, आतले पाणी धरून ठेवतो आणि अळी उपकरणात हालचाल करत जिवंत राहते. ज्यांच्या अंगावर असा स्राव नसतो त्यांना विशिष्ट द्रावणाचा पातळ थर देऊन तोच परिणाम साधला गेला. वर्गातील उपकरणांत नमुना अजून मृत आणि कोरडाच ठेवतात.