हिप हॉप सिंगल : पुण्यातली घडण आणि स्वीकार

हिप हॉप सिंगल म्हणजे अल्बमची वाट न पाहता एकटेच प्रसिद्ध होणारे रॅप गाणे. पुण्यात ते बहुधा दोन-तीन मिनिटांचे असते, घरातल्याच एखाद्या खोलीत रेकॉर्ड होते आणि यूट्यूब, स्पॉटिफायवर थेट रॅपरच्या नावाने येते. प्रमाण मराठीचे माहेरघर म्हणवणाऱ्या या शहरात गाणे कुठल्या बोलीत म्हटले आहे, यावर त्याचे निम्मे भवितव्य ठरते. त्यामुळे इथे तंत्राइतकीच भाषेचीही दखल घेतली आहे.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कने एका पार्टीत तबकड्या वाजवल्या. हिप हॉपचा जन्म तिथला मानतात. १९७९ मध्ये शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ बारा इंची तबकडीवर निघाले आणि अमेरिकेच्या पहिल्या चाळीस गाण्यांत पोचले. रॅपचे सिंगल खपते, हे तेव्हा कंपन्यांना पटले. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय आले. गाणे लोकांपर्यंत न्यायला कंपनीचा उंबरठा झिजवण्याची गरज उरली नाही.

पोवाडा म्हणजे मराठी रॅपच, असे सर्रास म्हटले जाते. नाते आहे, पण ते वंशाचे नाही. शाहिराच्या डफावरचे वेगवान कथन, झिलकऱ्यांचे ‘जी जी रं जी’, कलगी-तुऱ्यातले सवाल-जवाब यांची आठवण रॅपमधल्या ॲडलिबने (ओळींमध्ये टाकलेल्या उद्गारांनी) आणि डिस गाण्याने (प्रतिस्पर्ध्याला डिवचणाऱ्या गाण्याने) नक्की होते. पण शाहीर समूहासमोर इतरांचा पराक्रम सांगतो. रॅपर बहुतेक वेळा स्वतःचेच जगणे प्रथमपुरुषी सांगतो. हा फरक पुसून टाकला, तर दोन्ही कलांवर अन्याय होतो.

कामाची सुरुवात बीटपासून, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या संगीतापासून होते. रॅपर एखाद्या प्रोड्युसरकडून बीट बांधून घेतो किंवा ऑनलाइन ‘लीज’वर विकत घेतो. लीजचा बीट स्वस्त पडतो, पण तोच बीट आणखी अनेकांकडे असू शकतो. एक्सक्लुझिव्ह हक्क घ्यायचे तर खिसा मोकळा करावा लागतो. कंप्यूटरवरच्या बीटमध्ये आजही घुमणारा बास ‘एटओएट’च्या नावानेच ओळखला जातो. रोलंड कंपनीचे ते ड्रम मशीन १९८० चे. काही पुणेरी प्रोड्युसर त्याच्या जोडीला ताशाची तर्री, म्हणजे त्याचा जलद कडकडाट घालतात. गणेशोत्सवाच्या आधी नदीपात्रात पथकांचा सराव ऐकत वाढलेल्या कानाला ती लगेच कळते.

मिनिटाला ९० ठोक्यांच्या बीटवर चार मात्रांचा एक ‘बार’ पावणेतीन सेकंदांच्या आसपास जातो, म्हणजे सोळा बारचा व्हर्स (कडवे) सुमारे ४३ सेकंदांचा. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावरच ऐकणे मोजले जाते. म्हणून आता हुक (ध्रुपद) आधी येतो आणि सुरुवातीची लांबलचक सुरावट जवळपास गेलीच आहे. या घाईत गाण्याचा श्वास आखडला, हे खेदाने नोंदवावे लागते.

खरी मेहनत शब्दांवर असते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे ‘आलो-गेलो-झालो’ असे यमक फुकटात मिळते आणि म्हणूनच ते लवकर विटते. लिहिणारा नवखा असला की वहीत ‘रात्री उशिरा घरी आलो, दार वाजवून दमून गेलो’ अशी ओळ असते. हात बसला की क्रियापद ओळीच्या सुरुवातीकडे सरकते आणि यमक दुहेरी होते : ‘दमलो दार वाजवून, आईला जाग नाही, भिंतीला कान आहेत, भिंतीला राग नाही’. शिवाय ‘घर’, ‘वाट’, ‘दार’ यांसारख्या शब्दांतला अंत्य ‘अ’ उच्चारात गळतो. शब्द व्यंजनावर तुटतो आणि थेट ड्रमवर आदळतो. एका मात्रेत तीन अक्षरे बसवणारा ट्रिपलेट फ्लो तबला शिकलेल्या मुलांना तिस्र जातीमुळे पटकन जमतो.

रेकॉर्डिंगचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. कपाटाची दारे उघडी ठेवून आतल्या कपड्यांसमोर माईक उभा करतात आणि मागे दोरीवर गोधडी टांगतात, म्हणजे खोलीचा घुमारा मरतो. पंखा बंद. मे महिन्यात घामाने कागद ओला होतो. चांगला टेक सुरू असतानाच शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. मुख्य आवाजावर ओळींच्या शेवटचे शब्द दुसऱ्यांदा म्हणून चढवतात. त्याला ‘डबल’ म्हणतात. मग मिक्सिंग, मास्टरिंग, एखाद्या वितरण सेवेमार्फत अपलोड आणि शक्यतो शुक्रवारची तारीख. स्पॉटिफायच्या संपादकांच्या प्लेलिस्टसाठी गाणे प्रकाशनाआधीच सुचवावे लागते, तेही किमान सात दिवस आधी सुचवलेले बरे. उतावीळ रॅपर इथेच चुकतो. व्हिडिओ मित्राच्या कॅमेऱ्यावर गच्चीत, टेकडीवर किंवा पुलाखाली होतो.

पुण्याच्या रॅपला देशभर नाव मिळवून दिले ते स्टेशनजवळच्या ताडीवाला रस्त्यावर वाढलेल्या एमसी स्टॅनने. वस्तीतली हिंदी, तिच्यात मिसळलेली मराठी आणि बिनधास्त शिव्या ही त्याची भाषा. २०१८ पासून त्याची सिंगल्स गाजू लागली. २०२० च्या अल्बमचे नाव ‘तडीपार’, हा पुण्यातल्या वर्तमानपत्रांत रोज दिसणारा पोलिसी शब्द. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’चा सोळावा हंगाम जिंकला आणि ‘शेमडी’ हा आपल्या ‘शेंबडी’चा वस्तीतला उच्चार हिंदी प्रेक्षकांच्या तोंडी बसला. मराठीतून रॅप करणाऱ्या श्रेयश जाधव म्हणजे ‘किंग जेडी’ने पुणेकरपणाचा अभिमान गायला. एका शहराची ही दोन चित्रे आहेत. पेठा आणि वाडे यांचे पुणे साहित्यात पुष्कळ आले होते. रेल्वे रुळांलगतचे पुणे मात्र इतक्या मोठ्याने रॅपमधूनच बोलले.

या मोठ्या आवाजाची किंमतही पडते. एप्रिल २०२३ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत परवानगीविना चित्रित झालेल्या, शिवराळ शब्दांच्या एका रॅपवरून पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. इमारत एकेकाळच्या गव्हर्नरच्या निवासाची, शब्द रस्त्यावरचे. चर्चा दोन्हींची झाली. संस्थेच्या आवारात चोरून चित्रण करणे गैर, हे मान्यच. पण त्या निमित्ताने सगळ्याच रॅपला ‘असंस्कृत’ ठरवणारे मूळ ओळी ऐकत नाहीत. शिव्यांमागे बऱ्याचदा बेकारी असते, जातीवरून खाल्लेला अपमान असतो, घरी न बोलता आलेली भीती असते. दुसऱ्या बाजूला, केवळ धाक दाखवायला हातात कोयता घेऊन केलेले व्हिडिओही आहेत. कोयत्याच्या हल्ल्यांनी हैराण झालेल्या शहराने त्यांच्याकडे कौतुकाने पाहावे, अशी अपेक्षा धरता येत नाही.

श्रोत्यांची दाद मोजकी आणि रोखठोक असते. ‘विषय हार्ड’ ही सर्वांत वरची पावती. ‘कॉपी आहे’ हा सर्वांत जिव्हारी लागणारा शेरा. ‘भाई, तू तिकडचा नाहीस’ हा त्याच्या खालोखाल. कोथरूडच्या मुलाने वस्तीचा उच्चार उसना घेतला तर दुसऱ्या ओळीलाच पकडला जातो, आणि वस्तीतल्या मुलाने छापील मराठी लिहिली तरी तसेच. हुक रीलवर चढला तर गाणे जिममध्ये, रिक्षात, वरातीत पोचते; व्हर्स मात्र बहुधा मोजक्यांच्याच कानी राहतो.

तो व्हर्स पोचला की नाही, हे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये किंवा छोट्या हॉलमध्ये कळते. रॅपर ओळ अर्धी म्हणून थांबतो आणि माईक समोर धरतो. दांडेकर पूल, जनता वसाहत, पाटील इस्टेट अशी नावे ओळीच्या टोकाला आली असली, तर ती त्या त्या कोपऱ्यातून मोठ्याने परत येतात.